जुना पेफोन आणलाय, किल्ल्या नाहीत. कुणी उघडलाय का?

खुटखुट्या · रविवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार.

काल पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरच्या पुढं एका शेतावर लिलाव होता. गेलो होतो जुना रंधा मिळतो का बघायला, परतलो पेफोन घेऊन. गोठ्याच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होता म्हणे. बोली ६० डॉलरवर आली तेव्हा माझ्याशिवाय कुणाचाच हात वर नव्हता. तिथंच शंका यायला हवी होती.

माल असा आहे: वेस्टर्न इलेक्ट्रिक, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या बेल टेलिफोनचा घरचाच कारखाना. नाण्याला एकच खाच असलेला, काळा, तबकडीवाला. वजन करायला मी फोन कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो आणि मग माझं वजा केलं. २१ किलो. बायको म्हणाली, पोरगा झाला तेव्हा एवढ्या कौतुकानं वजन केलं नव्हतंस.

फोनला दोन मजले आहेत. वरच्यात तबकडी, नाण्याची खाच आणि आतली यंत्रणा. खालच्यात गल्ला. दोन्हींची कुलपं वेगळी. विकणारा म्हणाला होता, ‘किल्ल्या घरात कुठंतरी असतील, बघून कळवतो.’ त्यानं कळवलं. नाहीत.

आतापर्यंतचे उद्योग: केसांची पिन, चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर, व्हिडिओ बघून वाकवलेली तार. पिनेचं टोक वरच्या कुलपात मोडून बसलं, ते चिमट्यानं काढण्यात आजची संध्याकाळ गेली.

तर प्रश्न तीन. न फोडता उघडेल का? उघडल्यावर घरच्या इंटरनेटवर चालेल का? आणि नाणं टाकल्यावर पूर्वीसारखा वागेल का? तिसरा प्रश्न चिरंजीवांचा आहे, वय वर्षं ९. त्यानं तारेचा फोन फक्त आजोबांच्या फोटोत पाहिलाय.

शेवंता · रविवार, रात्री १०:३०

आधी फोटो टाक. आणि हलवून बघितलास का, गल्ल्यात काही वाजतंय का?

खुटखुट्या · रविवार, रात्री १०:३४

हलवून? २१ किलो आहे ताई. कलता केला. काहीतरी खुळखुळतंय, पण वर की खाली ते समजत नाही. फोटो उद्या उजेडात काढतो.

शेवंता · रविवार, रात्री १०:३५

माझी पैज, ४० क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) तरी निघतील. १० डॉलर वसूल.

चावीबहाद्दर · सोमवार, सकाळी ७:०५

खुटखुट्या, पिना-तारा आधी बाजूला ठेव. हे कुलूप त्या जातीचं नाही.

दारांना हल्ली जी कुलपं असतात त्यात बारीक खुंट्या असतात, त्या तारेनं एकेक करून बसवता येतात. पेफोनवाल्यांनी लिव्हरची कुलपं वापरली. आपल्याला नवी नाहीत, घरोघरी गोदरेजचं नवताल होतंच की, ‘सात लिव्हर’ म्हणून ज्याची जाहिरात व्हायची. आत पितळी पट्ट्यांची चळत असते. प्रत्येक पट्टीला एक खाच. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीला उचलतो, सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टावरची खुंटी त्यात शिरते आणि कुलूप फिरतं. एक पट्टी केसभर वर किंवा खाली राहिली तरी सगळं ठप्प. नवतालची निदान किल्ली मोठी असते, आत डोकावता येतं. पेफोनची फट एवढीशी, आणि अवजार आत घालून एकाच वेळी बोल्टावर दाब द्यायचा आणि पट्ट्या चाचपायच्या. मी सिॲटलमध्ये दोन वर्षं अशाच एका कुलपावर हात चालवतोय, बाकावर, शिकंज्यात धरून. आजवर तीनदा उघडलंय. भिंतीवरच्या फोनवर एकदाही नाही.

आता कामाचं. वरच्या कव्हरला दोन गोष्टी लागतात, एक किल्ली आणि एक ‘टी-की’. टी-की म्हणजे टी आकाराची मूठ असलेला सरळ दांडा. किल्लीनं फक्त कुलूप मोकळं होतं. कव्हर धरून ठेवणारी आतली कडी फिरवायला टी-की लागते, ती कुलपाशेजारच्या भोकात जाते. टी-की संग्राहकांना विकणारे लोक आहेत, जेवणाच्या पैशांत येते. ती आधी मागव. माझं ऐक, कुलपाला हात लावायच्या आधी मागव.

आणखी एक. वरची किल्ली रोजच्या दुरुस्तीवाल्याच्या खिशात असायची, म्हणून एकेका भागातल्या ढीगभर फोनना एकच किल्ली चालायची. त्यामुळं जुन्या किल्ल्यांचा जुडगा मिळाला तर वरचं कुलूप उघडायची बरीच आशा असते. गल्ल्याची किल्ली वसुलीवाल्याची. तिथं हा लाड नाही.

तेल मारू नकोस. मारायचंच तर ग्राफाइटची पूड.

सरळमार्गी · सोमवार, सकाळी ९:४८

माफ करा, पण कुलपं किल्लीशिवाय कशी उघडायची याचे धडे चारचौघांत द्यावेत का? वाचणारे सगळेच संग्राहक नसतात.

चावीबहाद्दर · सोमवार, सकाळी १०:२०

प्रश्न रास्त आहे. पण ज्याला चोरी करायची आहे तो बाकावर दोन वर्षं घालवत नाही, पहार घेऊन येतो. अपवाद एकच मोठा. १९८० च्या दशकात ओहायोचा एक गडी राज्याराज्यांतून फिरून फक्त पेफोनचे गल्ले उघडायचा, फोनला ओरखडा न काढता. एफबीआय वर्षानुवर्षं मागावर होती, १९८८ मध्ये सापडला. त्यानंतर कुलपं आणखी कडक झाली. आज रस्त्यावर लुटायला पेफोन उरलेत किती?

वाचनमात्र · सोमवार, सकाळी ११:०२

उरलेच नाहीत. अमेरिकेत १९९९ मध्ये २१ लाखांच्या आसपास होते. न्यूयॉर्क शहरानं आपला शेवटचा सार्वजनिक पेफोन मे २०२२ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळून क्रेननं उचलला आणि म्युझियमला दिला. मी तेव्हा तिथून दोन गल्ल्या पलीकडं ऑफिसात होते आणि दुसऱ्या दिवशी बातमीत वाचलं.

आबा_नाशिक · सोमवार, रात्री ९:१५ (भारत)

चिरंजीव खुटखुट्या, धागा सुनेनं दाखवला. मी १९७४ ला पी अँड टी मध्ये लागलो, तेव्हा पोस्ट आणि टेलिफोन एकाच खात्यात होतं. रिटायर झालो बीएसएनएल मधून. मधल्या काळात आमच्या खात्याचं नाव तीनदा बदललं, हातातला पक्कड तोच राहिला.

तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, पण फोन उघडल्यावर. बंद पेटीचं निदान करू नये. एवढंच बघून ठेव: तबकडीवर शून्य फिरव आणि सोड. परत जागेवर यायला एक सेकंद लागला पाहिजे. शून्याचे दहा ठोके असतात आणि सेकंदाला दहा ठोके हे एक्स्चेंजचं गणित. दोन सेकंद घेत असेल तर तबकडी सुस्तावली आहे.

खुटखुट्या · सोमवार, दुपारी १२:४०

आबा, नमस्कार करतो. आत्ताच बघितलं. शून्य सोडलं तर निम्म्यावर येऊन थांबतं. बोटानं ढकलावं लागतं.

आबा_नाशिक · सोमवार, रात्री १०:२१ (भारत)

मग सुस्तावलेली नाही, झोपली आहे. राहू दे. उघडल्यावर बघू.

पणजीकार · मंगळवार, सकाळी ८:३०

आमच्याकडं म्हापशाला काकाच्या दुकानात लाल रंगाचा एक रुपयाचा फोन होता. त्याची एक गंमत अजून आठवते. पलीकडच्यानं उचललं की त्याचं ‘हॅलो’ आपल्याला ऐकू यायचं, पण आपण काय बोलतोय ते त्याला कळायचं नाही, रुपया आत जाईपर्यंत. त्यामुळं मडगावला पोचलो की घरी फोन लावायचा, आईचं ‘हॅलो, हॅलो’ ऐकायचं आणि ठेवून द्यायचा. मुकं हॅलो म्हणजे पोरगा पोचला. रुपया परत खिशात.

आबा_नाशिक · मंगळवार, सायंकाळी ६:४० (भारत)

ते तसं मुद्दाम केलेलं होतं. पलीकडं फोन उचलला की आमच्या एक्स्चेंजातून लायनीची दिशा उलटी व्हायची, अधिकाची उणे आणि उणेची अधिक. कॉइन बॉक्सला त्यावरून कळायचं की आता बोलणं सुरू, आता नाणं माग. तोवर बोलायचं भोक बंद. मुक्या हॅलोचा प्रकार आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. आमच्याही घरी तसंच चालायचं.

शेवंता · मंगळवार, सकाळी ९:४५

आबा!

खुटखुट्या · पुढच्या शनिवारी, सायंकाळी ६:५०

चावीबहाद्दर, तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला सिॲटलला येतो.

टी-की काल आली. आज सकाळी गॅरेजात चहा घेऊन बसलो. म्हटलं किल्ली नाही तर नाही, दांडा भोकात बसतो का ते तरी बघू. बसला. सहज फिरवला. फिरला. आतून ‘खट्’ असा जाड आवाज आला आणि कव्हरची खालची कड बोटभर पुढं आली.

वरचं कुलूप लावलेलंच नव्हतं. शेवटी ज्यानं तो भिंतीवरून काढला त्यानं किल्ली फिरवून मोकळं करून तसंच सोडलं असणार. एक आठवडा मी उघड्या कुलपाची मनधरणी करत होतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथं वाचेल तेव्हा वाचेल.

कव्हर उचलून काढलं. आतलं दृश्य: पाठीच्या लोखंडी पत्र्यावर सगळी यंत्रणा, वर नाणं तपासायची पन्हळ, तिच्याखाली हॉपर, म्हणजे नाणं थांबायची जागा, त्याच्या बाजूला तांब्याच्या वेटोळ्यांचा रिले, म्हणजे विजेनं हलणारी कळ. तबकडी कव्हरला लागून, वायरींनी अडकलेली. तबकडीच्या पाठीवर ७-७१ असा शिक्का. म्हणजे फोन माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.

आणि खुळखुळ? नाणी नव्हेत. नाणं परत येण्याच्या वाटेत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, चांगलं मुठीएवढं, पाच-सहा कप्प्यांचं. त्यातला अर्धा भाग सुटून वाजत होता. राहिलेल्या अर्ध्यानं हॉपरचा पडदा असा जाम धरलाय की जणू सिमेंट.

शेवंता · शनिवार, सायंकाळी ७:०५

माझी पैज गल्ल्यावर आहे. वरच्या मजल्यावर नाही. अजून हरले नाही.

वाचनमात्र · शनिवार, सायंकाळी ७:२०

माती ओली करू नका, धातूला चिकटून बसेल. सुकीच लाकडी काडीनं खरवडा, मग मऊ ब्रश. आइस्क्रीमची काडी उत्तम.

पणजीकार · शनिवार, सायंकाळी ७:४१

बाहेरच्या चकचकीत भागांना पितांबरी लाव. आईच्या समया अजून तशाच झळकतात.

वाचनमात्र · शनिवार, सायंकाळी ७:५०

नको नको! समई पितळेची. रिसीव्हर अडकवायचा आकडा आणि परतीचं झाकण यांवर क्रोमचा मुलामा असतो, पावडरनं त्यावर ओरखडे जातील आणि खालून गंज डोकावेल. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुनी बनियन. बास.

आबा_नाशिक · रविवार, सकाळी ६:३० (भारत)

आता बोलतो.

तबकडीच्या मागं एक छोटा गव्हर्नर असतो, दोन पाकळ्यांचा, तो वेग सांभाळतो. तिथं जुनं तेल घट्ट होऊन डिंक झालं असेल. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तो डिंक काढ, मग घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. त्याहून जास्त नको. जास्त तेल हा आमच्या नव्या पोरांचा पहिला अपराध असायचा.

रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूची वाटी उघड. आत चकती आहे, ती काढून तळहातावर चापट मारल्यासारखी दोन-चारदा आपट. चकतीत कार्बनचे दाणे असतात, वर्षानुवर्षं फोन एकाच बाजूला पडला की ते गोठतात आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. नाशकात आम्ही तक्रार आली की जोडणी बघायच्या आधी रिसीव्हर टेबलाच्या कडेवर ठोकायचो. अर्ध्या तक्रारी तिथंच मिटायच्या.

आता नाण्याचं. तुझ्या फोनमध्ये नाणं पडलं की ते थेट गल्ल्यात जात नाही. हॉपरमध्ये थांबतं. फोन लागला, बोलणं झालं, की एक्स्चेंज लायनीवर सुमारे १३० व्होल्टचा झटका पाठवतं. एका दिशेनं पाठवला की पडदा गल्ल्याकडं कलतो, उलट दिशेनं पाठवला की नाणं परत. म्हणजे नाणं घ्यायचं की द्यायचं हे ठरवायचं काम फोनचं नव्हेच, कित्येक मैल लांबच्या एक्स्चेंजचं. आमच्या लाल डब्याच्या मानानं तुझा फोन दिसायला दांडगा, पण स्वतःचं डोकं कमी.

जुना फोन घरच्या इंटरनेटला जोडायचा जो छोटा डबा मिळतो, त्यातून तो झटका येणार नाही. नाणं टाकलंस की ते हॉपरमध्ये बसून राहील. टाकत गेलास की साचत जातील आणि शेवटी जाम. आणि तो झटका घरी बनवायच्या भानगडीत पडू नकोस, पोर आहे घरात. हॉपरचा पडदा बारीक तारेनं परतीच्या बाजूला बांधून ठेव. नाणं टाकलं की गडगडत खालच्या वाटीत येईल. पोराला तेच हवंय.

खुटखुट्या · रविवार, सकाळी ८:१५

आबा, याच्या प्रिंटा काढून गॅरेजच्या भिंतीला लावल्यात.

वायरींबद्दल एक विचारतो. नाणी मोजणारा भाग लायन आणि बोलण्याच्या सर्किटच्या मध्ये बसलाय. तो ठेवू की वगळू?

आबा_नाशिक · रविवार, सायंकाळी ७:४० (भारत)

वगळ, पण कापू नकोस. वायरीची टोकं स्क्रूखालून काढ, प्रत्येकाला चिठ्ठी बांध, टेपनं गुंडाळून आतच ठेव. लायनीच्या दोन तारा सरळ बोलण्याच्या सर्किटला दे. उद्या तुझ्या नातवाला ते परत जोडावंसं वाटलं तर तार शाबूत हवी.

चावीबहाद्दर · रविवार, दुपारी १२:३०

इंटरनेटचा डबा घेताना बघून घे, बऱ्याच डब्यांना तबकडीचे ठोके कळत नाहीत, फक्त बटणांचे सूर कळतात. माझ्याकडं ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ आहे, त्याच्या सेटिंगमध्ये पल्स डायलिंग, म्हणजे ठोके ओळखणं, चालू करता येतं. ते मुळात बंद असतं. मी एक रात्र यात घालवली.

गंमत म्हणून सांगतो. जो नाणी मोजणारा भाग तू वगळतोयस, तोच प्रत्येक नाण्यामागं एक्स्चेंजला सूर पाठवायचा. १७०० आणि २२०० हर्ट्झ एकदम. निकेलला (पाच सेंट) एक टुक, डाइमला (दहा सेंट) दोन, क्वार्टरला पाच, भराभर. हे सूर खिशातल्या छोट्या यंत्रातून वाजवून फुकट फोन करणारी एक अख्खी पिढी होऊन गेली.

सरळमार्गी · रविवार, दुपारी १:१०

बघा, परत धडे.

चावीबहाद्दर · रविवार, दुपारी १:१२

तो सूर ऐकणारं एक्स्चेंज आज शोधून दाखवा, दंड भरतो.

खुटखुट्या · तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ११:२०

मोठा अहवाल आहे, चहा घेऊन बसा.

वरचा मजला झाला. तबकडी आता बरोब्बर एका सेकंदात येते. तो गव्हर्नरचा कर्रर्र आवाज पोराला इतका आवडलाय की दिवसातून पन्नासदा शून्य फिरवतो. कार्बनची चकती आपटली, आवाज साफ. सांगलीला आईला फोन लावला, पूर्ण नंबर तबकडीवर, देशाचा कोड धरून. शेवटून तिसऱ्या आकड्याला बोट घसरलं, सगळं पहिल्यापासून. आईला सांगितलं पेफोनवरून बोलतोय, तर तिनं आधी विचारलं, ‘तुझा मोबाइल चोरीला गेला का?’

घंटी मात्र नाही. माझ्या फोनमध्ये ती कधी बसवलेलीच नव्हती, तिच्या जागची भोकं रिकामी आहेत.

आता गल्ला. हे दार प्रकरण वेगळं आहे. जाड पोलादाचा ठोकळा, सुरी घालायलाही फट नाही. किल्ल्यांचा एक जुडगा मागवला होता, १४ किल्ल्या, एकही लागली नाही. मग मी जे करू नये ते केलं. ड्रिल काढलं. कुलपाच्या मध्यावर भोक पाडायला गेलो, टोक घसरून दाराच्या पत्र्यावर वळलं आणि एक चंद्रकोर ओढून गेलं. दोन बिट मोडले. दुसरा मोडताना कपाळाला टिकली एवढा तुकडा लागला. चष्मा होता म्हणून बरं. बायकोनं ड्रिलची वायर काढून स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली.

शेवटी गावातला एक म्हातारा कुलूपवाला गाठला. सत्तरीचा, दुकान आता मुलगी बघते. त्यानं फोन बघायच्या आधी पावती मागितली, लिलावाची. सरळमार्गी, तुमच्यासाठी खास सांगतोय. पावती वाचली, परत दिली, मग बाही वर केली.

त्यानं खणातून तसलंच एक कुलूप काढलं, उघडलेलं, पट्ट्यांसकट. माझ्या कुलपाशेजारी ठेवलं. पट्टीनं किल्लीच्या फटीपासून आतल्या खुंटीपर्यंतचं अंतर मोजलं आणि माझ्या कुलपाच्या तोंडावर पंचनं एक ठिपका मारला. माझ्या चंद्रकोरीपासून जेमतेम नखाएवढा दूर. पण मी मध्यावर जात होतो आणि खुंटी मध्यावर नाहीच. कार्बाइडचं बारीक बिट, तेलाचा थेंब, अगदी मंद वेग. दर अर्ध्या मिनिटाला थांबून बिट बाहेर, भुसा फुंकर मारून साफ. मधे एकदा बिटाचा आवाज बदलला, तसा तो लगेच थांबला. मला तर काहीच फरक ऐकू आला नव्हता. ‘पितळ लागलं,’ म्हणाला. भोक बॉलपेनच्या रिफिलएवढं. त्यातून बॅटरीचा उजेड पाडला, दुसऱ्या हातानं किल्लीच्या फटीतून वाकडी तार, आणि एकेक पट्टी उचलत खाच भोकासमोर आणली. दुसरी पट्टी हलवताना पहिली खाली यायची, मग परत. त्याची मुलगी दोनदा चहा-कॉफी विचारून गेली, त्यानं मान वर केली नाही. पाऊण तास. मग कुलूप फिरलं, फारसा आवाज न करता.

त्यानं खरी कमाल पुढं केली. कुलूप बाहेर काढून उघडलं, पट्ट्या क्रमानं कापडावर मांडल्या, प्रत्येकीची उंची मोजून कोऱ्या किल्लीवर कानसीनं दात घातले. भोकात पितळेची खीळ ठोकून घासून सपाट केली. म्हणजे कुलूप तेच, मूळचं, आणि आता त्याला किल्ली आहे. मी विचारलं, नवं कुलूप स्वस्तात मिळतं, एवढी मेहनत कशाला? त्यानं मुलीकडं बघितलं आणि तिनं बिल पुढं केलं. फोनच्या दुप्पट.

शेवंताताई, गल्ला रिकामा होता. नुसता नाण्यांनी रिकामा नव्हे, आतला डबासुद्धा नाही. आता कळतं ते असं की वसुलीवाला नाणी मोजत बसायचाच नाही, भरलेला डबा ओढून काढायचा, डब्याचं तोंड आपोआप मिटायचं, आणि रिकामा डबा सरकवून पुढं जायचा. फोन भिंतीवरून काढताना शेवटचा डबा नेला आणि दार शिस्तीत बंद करून कुलूप लावलं. वरचं कुलूप उघडं टाकणाऱ्या माणसानं रिकाम्या गल्ल्याला मात्र कुलूप लावून ठेवलं!

शेवंता · शनिवार, रात्री ११:४१

हरले. १० डॉलर पाठवते, पण क्वार्टरच्या नाण्यांत.

चावीबहाद्दर · रविवार, सकाळी ६:५८

कानसीनं दात घातले म्हणतोस ते वाचून जीव निवला. बहुतेक लोक कुलूप पूर्ण कापून फेकतात. आणि तुझी ती चंद्रकोर घासून काढू नकोस.

घंटी नसण्याचं कारण बहुधा पैसा. पेफोनवर येणाऱ्या कॉलचं नाणं गल्ल्यात पडत नाही. पुढं पुढं तर बऱ्याच शहरांत गर्दुल्ल्यांचे व्यवहार पेफोनवर चालायला लागले म्हणून येणारे कॉल मुद्दाम बंद केले.

आबा_नाशिक · रविवार, सायंकाळी ५:३० (भारत)

पडदा बांधलास का?

खुटखुट्या · रविवार, सकाळी ८:०२

बांधला, आबा. क्वार्टर टाकला की पन्हळीतून खड खड खड करत परतीच्या वाटीत. पोरानं एकच क्वार्टर सकाळपासून वापरलाय. निकेल, डाइमही चालतात. भारतातला रुपया टाकून बघितला, आईनं दिलेला जुना १९९० च्या दशकातला, तो पन्हळीत अडकला. काढायला परत कव्हर उघडावं लागलं. पण आता किल्ली फिरवायची नसते हे मला माहीत आहे.

भिंतीवर लावताना: इकडच्या भिंती पुठ्ठ्याच्या, २१ किलो नुसत्या स्क्रूवर टांगले तर भिंतीसकट खाली येतील. आतले लाकडी खांब शोधून त्यांवर जाड प्लायवूड मारलं, त्यावर फोन.

तबकडीच्या वर सूचनांचा कागद बसवायची काचेची खिडकी आहे. मूळचा कागद पिवळा पडून फाटला होता. पोरानं स्वतः मराठीत लिहून लावलाय: ‘आदी नाणे टाका मग बोला. नाणे परत मीळेल.’

शेवंता · रविवार, सकाळी ८:१०

‘आधी’. ‘मिळेल’. पण बदलायचा नाही हं, खबरदार.

पणजीकार · रविवार, सकाळी ११:२५

अवांतर, पण विचारतोच. वर म्हटलेला काकाचा लाल फोन अजून माळ्यावर आहे, काल जाऊन बघितला. चावी हरवलीय, कुलूप गोल चावीचं. आणि दुसरी पंचाईत, मुलीनं खिशातला रुपया खाचेत टाकला तर तो सरळ खाली घरंगळून बाहेर आला, फोननं त्याला विचारलंसुद्धा नाही. आत बिघाड आहे का?

आबा_नाशिक · रविवार, रात्री ९:०५ (भारत)

बिघाड नाही. त्या डब्याला १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया ठाऊक आहे, २५ मिलिमीटरचा, पावणेपाच ग्रॅमहून किंचित जड. २०११ पासूनचा रुपया २२ मिलिमीटरचा आणि चार ग्रॅमसुद्धा नाही. डब्याच्या मते ती चिल्लर आहे. काकूंच्या देवघरात, शिवणाच्या डब्यात जुने रुपये सापडतील, ते टाकून बघ.

खुटखुट्या · रविवार, दुपारी १२:१०

पणजीकार, याचा वेगळा धागा काढ. कुलपाच्या तोंडावर बारीक आकडा कोरलाय का बघ, पुष्कळदा त्या आकड्यावरून चावी करून मिळते. त्याचा फोटो सगळ्यात आधी टाक. आणि केसांची पिन घालू नकोस.